बसून पाहिलेला शनी

"तर मग दहा इंचीच घ्यायची. कुणाचा विरोध?"

हिरेमठ सरांनी हे विचारलं ते आपली रीत म्हणून. विचारता विचारताच ते दाराबाहेर बघून चहावाल्याला हात करत होते.

"माझा आहे," मी म्हटलं.

बार्शीतल्या एका शाळेच्या तळमजल्यावरच्या वर्गात आमच्या खगोल मंडळाची बैठक भरायची. पोराटोरांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे आवळून बसलेली असायची. त्या सगळ्यांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या.

"तुमचा, शैलाताई?" सर हसले. "अहो, दहा इंचाचा आरसा म्हणजे चार इंची भिंगाच्या सहापट प्रकाश. हे मी तुम्हाला सांगायचं?"

"सव्वासहा पट, सर."

हशा पिकला. सरही हसले.

"मग अडलं कुठं?"

"मला दोन्ही दुर्बिणी शेजारी शेजारी उभ्या केलेल्या बघायच्यात. एक मोठी, एक लहान. त्याशिवाय मी हात वर करणार नाही."

"पण कारण काय?"

"कारण तिथंच सांगेन."

मी मंडळाची सचिव होते. दर महिन्याचा आकाशाचा नकाशा मी काढायची, कुठला ग्रह कधी कुठं दिसेल त्याचं गणित मी मांडायची. आसपासच्या गावांत कार्यक्रम असला की तारे दाखवायच्या आधीचं व्याख्यान माझं. शनीच्या कड्यांबद्दल मी बोलायला लागले की पोरं जागची हलायची नाहीत, असं लोक म्हणायचे. तेव्हा माझा विरोध म्हणजे अगदीच उडवून लावण्यासारखी गोष्ट नव्हती. सरांनी जरा वेळ डोकं खाजवलं आणि म्हणाले, "ठीक आहे. पुण्याच्या दुर्बीणवाल्या लेल्यांना सांगतो, दोन्ही घेऊन या म्हणून. संक्रांत झाली की आपल्या शेतावर हुरडा करू, तिथंच बघू. ताईंचं समाधान होऊ दे."

बैठक संपल्यावर डॉक्टर तांबोळी माझी चाकांची खुर्ची घडी करून त्यांच्या गाडीच्या डिकीत ठेवत होते. डॉक्टर दातांचे, पण मन सगळं धूमकेतूंवर. मी कुबड्यांवर उभी राहून बघत होते.

"ताई, रागावू नका," ते म्हणाले, "पण सर दुखावलेत. सगळ्या गावाकडून वर्गणी त्यांनी उभी केली. वीस वर्षांत एकदा घडणारी गोष्ट आहे ही."

"म्हणूनच म्हणते ना. एकदा घेतली की वीस वर्षं तीच."

"पण तुमचं म्हणणं तरी काय आहे?"

मी सांगितलं नाही. सांगावंसं वाटत होतं, पण सांगितलं असतं तर डॉक्टरांच्या चेहऱ्यावर जे आलं असतं ते मला नको होतं.

सर दुखावलेत हे मलाही कळत होतं आणि ते मला टोचतही होतं. माझे दोन्ही पाय लहानपणी पोलिओने गेले. पोलादी पट्ट्या बांधून, कुबड्या घेऊन मी घटकाभर उभी राहू शकते, चार पावलं टाकू शकते, बाकी खुर्ची. विशीत मी घरात बसून शिकवण्या घ्यायची आणि रिकाम्या वेळात खिडकीतून दिसेल तेवढ्या आकाशाचं चित्र काढायची. माझा भाऊ कॉलेजात सरांचा विद्यार्थी. त्याने एकदा ती चित्रं सरांना दाखवली आणि दुसऱ्याच दिवशी सर आमच्या घरी आले. आईने दिलेला चहा तसाच निवत ठेवून ते चित्रं बघत बसले. "हिला घरात ठेवू नका," एवढंच म्हणाले. मंडळाची बैठक तेव्हा वरच्या मजल्यावर व्हायची. माझ्यासाठी ती खाली आणली ती सरांनीच. अशा माणसाच्या विरोधात मी उभी राहिले होते.

संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही वैराग रस्त्यावरच्या सरांच्या शेतावर जमलो. ज्वारी कंबरेच्या वर गेलेली, कणसं दुधात आलेली. सुमनकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, आगटीपाशी पाटावर बसून कणसं भाजत होत्या. काकूंचं शरीर जड, गुडघे पार गेलेले. एकदा बसल्या की उठताना दोघींनी हात द्यावा लागायचा. पण मंडळाचा एकही कार्यक्रम त्यांच्याशिवाय व्हायचा नाही. कधी पोहे, कधी शेंगाची चटणी आणि भाकरी, आज हुरडा. माझ्या हातावर गरम हुरड्याची ओंजळ ठेवत त्या म्हणाल्या, "शैले, नुसती बोलत बसू नको, खा आधी. भांडायचंय ना तुला आज?"

"कुणी सांगितलं?"

"ह्यांनी. आठवडाभर घरात तेच चाललंय."

लेल्यांनी सारवलेल्या खळ्यावर दोन्ही दुर्बिणी मांडल्या. दहा इंची आरशाची दुर्बीण बघूनच माणसं पुढे सरकली. पांढरी शुभ्र नळी, लाकडी बैठक, आणि लांबी अशी की आकाशाकडे वर केली की तिचं टोक उंच माणसाच्याही डोक्याच्या वर जावं. डोळा लावायची नेत्रिका त्या वरच्या टोकापाशी. म्हणून लेल्यांनी सोबत पायऱ्यांचं स्टूलही आणलं होतं. चार इंची भिंगाची दुर्बीण तिच्याशेजारी तिपाईवर होती. बारीक, काळसर, एखाद्या बंबाच्या नळीसारखी. तिच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही.

दिवस मावळला. वृषभेच्या शिंगांपाशी शनी ठळक दिसायला लागला. त्या वर्षी त्याची कडी चांगली उघडलेली होती. सर ओरडले, "ती आगटी झाका कुणीतरी!" काकूंनी निमूटपणे निखाऱ्यांवर राख ओढली.

मग मोठ्या दुर्बिणीपुढे रांग लागली. एकेक जण स्टुलावर चढायचा, वाकायचा, आणि "आहाहा!" नाहीतर "आई गं!" म्हणून खाली उतरायचा. उतरल्यावर माणसं जरा वेगळीच दिसायची. मी खुर्चीत बसून हे बघत होते. बघायची मला सवय होती.

"बघितलंत ना ताई?" सर माझ्याजवळ आले. आवाजात खरा आनंद होता. "कड्यांमधली फट दिसतेय हो, स्वच्छ! या, तुम्हीही बघा." आणि मागे वळून त्यांनी हाक दिली, "ए, चौघं जण या रे इकडं. ताईंना खुर्चीसकट उचला."

चौघं पुढे आले. भली माणसं होती. एकाने खुर्चीच्या दांड्याला हात घातला.

"हात काढा," मी म्हटलं.

आवाज जरा चढाच लागला असावा. त्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

मी पट्ट्यांचे खटके लावले, कुबड्या घेतल्या आणि उभी राहिले. "सर, माझ्या खुर्चीत बसा."

"कशाला?"

"बसा तर. तिथं कारण सांगेन म्हटलं होतं ना, ते सांगते."

सर ओशाळं हसत बसले. मी डॉक्टरांना म्हटलं, "खुर्ची दुर्बिणीपाशी न्या. अगदी जवळ." डॉक्टरांनी नेली. "आता सर, शनी बघा आणि मला सांगा काय दिसतं ते."

सरांनी मान वर केली. नेत्रिका त्यांच्या डोक्याच्या कितीतरी वर होती. समोर होती फक्त नळीची पांढरी बाजू. कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"काय दिसतंय, सर?"

"नळी," सर म्हणाले.

"मलाही तेच दिसतं. मी मंडळात आले तेव्हापासून. आपली कॉलेजची जुनी दुर्बीणही अशीच, उंच."

"पण तुम्ही बघितलाय की शनी! रामलिंगच्या शिबिरात आम्ही तुम्हाला वर उचललं होतं."

"हो. चौघांनी खुर्ची खांद्यापर्यंत नेली. खुर्ची हलत होती, मी हलत होते, शनी हलत होता. एक पिवळा फराटा इकडून तिकडं गेला. खालून एकाने विचारलं, दिसलं का ताई? त्याचा हात भरून आला होता, मला कळत होतं. मी म्हटलं, हो दिसलं. आणि तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शनीसाठी नव्हे, माझ्यासाठी. त्या दिवशी ठरवलं, परत असं वर जायचं नाही. त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमात मी म्हणत आले, आधी तुम्ही बघा, मी नंतर बघते. माझं ते नंतर कधी आलंच नाही, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही."

डॉक्टर हळूच म्हणाले, "आणि ती व्याख्यानं? ती कडी?"

"पुस्तकं वाचून. आणि तुम्ही स्टुलावरून उतरून जे बोलता ना, ते ऐकून."

सर खुर्चीतून उठले. अंधारात त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता. बोलले तेव्हा आवाज मऊ होता, पण म्हणणं बदललेलं नव्हतं.

"शैला, माझं चुकलं. माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी अध्यक्ष म्हणून विचारतो, तू सचिव म्हणून उत्तर दे. एका माणसासाठी अख्ख्या मंडळाने लहान दुर्बीण घ्यायची? या मोठीतून दीर्घिका दिसतील, तेजोमेघ दिसतील. तिच्यातून त्यातलं काय दिसणार?"

प्रश्न सरळ होता. तोच प्रश्न मी महिनाभर स्वतःला विचारत होते.

"एका माणसासाठी असतं तर मी बोललेच नसते, सर. गप्प बसायची मला सवय आहे. पण मी रांगेच्या बाजूला बसलेली असते, म्हणून मला रांग दिसते. तुम्हाला दिसत नाही, तुम्ही स्टुलापाशी असता. गावोगाव बायका येतात, म्हाताऱ्या येतात. रांगेत उभ्या राहतात, स्टुलापर्यंत पोचतात, स्टूल बघतात आणि म्हणतात, आम्हाला काय कळतंय त्यातलं. आणि निघून जातात. आपण म्हणतो, बायकांना आवडच नसते. सर, त्यांना चार माणसांत लुगडं सावरत स्टुलावर चढायचं नसतं. कुणाचे गुडघे गेलेले असतात. त्या खोटं बोलतात, जसं मी बोलत होते."

"हे तू ताणतेयस," सर म्हणाले. आता ते खरोखरच चिडले होते. "मी इतकी वर्षं आकाश दाखवतोय. ज्याला बघायचंय तो कसाही बघतो. असं न बघता परत गेलेल्या एका बाईचं नाव सांग. एकीचं तरी सांग."

मी तोंड उघडलं, पण नाव कुठलं सांगणार? गावोगावच्या त्या बायका. मला त्यांचे चेहरे आठवत होते, नावं कधी कुणी विचारली होती?

तेवढ्यात झाकलेल्या आगटीकडून आवाज आला.

"माझं लिहा."

सगळे वळले. सुमनकाकू पाटावर तशाच बसून होत्या.

"तू?" सर म्हणाले. "तू कशाला मध्ये? तुला कुठं आवड आहे यातली?"

"विचारलंत कधी?"

काकूंनी हातातलं कणीस पाटाजवळ ठेवलं.

"लग्न झाल्यापासून ऐकतेय मी," काकू म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी, नेहमीसारख्याच बोलल्या. "गुरू असा, शनी तसा. डबे भरभरून तुमच्यामागं हिंडले. आधी पोरं कडेवर होती म्हणून राहिलं. मग पाहुण्यांचं बघायचं म्हणून राहिलं. मग गुडघे गेले. आता त्या शिडीवर चढू मी? पडले तर सगळे शनी सोडून मलाच बघत बसतील."

कुणालाच हसू आलं नाही. लेले उगाचच फडक्याने नेत्रिका पुसत राहिले.

सरांनी चष्मा काढला, परत घातला. दुसऱ्या कुणापुढे ते वाकलेही असते कदाचित. पण वीस माणसांदेखत, आणि घरच्याच माणसाने अडवलेलं. ते ताठ झाले.

"मतदान करू," ते म्हणाले. "दहा इंची ज्यांना हवी त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. काही लगेच, काही इकडेतिकडे बघत. मी त्यांना दोष देत नाही. नुकतंच त्यांनी त्या आरशातून शनी बघितला होता, तो डोळ्यांपुढून हलत नसणार. डॉक्टरांनी हात वर केला नाही. आणखी तिघाचौघांनी केला नाही. पण निकाल स्पष्ट होता.

"ताई," सर थकल्यासारखे म्हणाले, "झालं ते मनाला लावून घेऊ नका."

"मनाला तर लावून घेणारच आहे, सर. आणि सचिवपद आजपासून दुसऱ्या कुणाला तरी द्या. नकाशे मी काढत राहीन, ते आकाशाचे आहेत. पण ज्या दुर्बिणीशी मी पोचू शकत नाही तिच्यापुढे उभं राहून लोकांना या, बघा म्हणणं मला जमायचं नाही."

मग मी लेल्यांकडे वळले. "ती लहान दुर्बीण परत नेऊ नका. ती मी घेते. सगळे पैसे एकदम जमणार नाहीत, पण माझ्या शिकवण्यांवर विश्वास ठेवा."

"तुम्ही?" लेले गोंधळले. "अहो ताई, पण तुम्ही अजून तिच्यातून बघितलंही नाहीत."

"तेच करायचंय आता."

डॉक्टरांनी खुर्ची आणली. मी बसले आणि स्वतःच चाकं फिरवत त्या काळ्या नळीपाशी गेले. तिपाईचा एक पाय गुडघ्यांना आडवा येत होता. लेल्यांनी तो जरा फिरवला, तिपाई बोटभर खाली घेतली. या दुर्बिणीची नेत्रिका नळीच्या मागच्या टोकाला होती आणि तिथं काटकोनात एक छोटा आरसा बसवलेला. त्यामुळे नळी आकाशाकडे जितकी वर जाई तितकी नेत्रिका खाली येई. बसलेल्या माणसाच्या डोळ्यापर्यंत. मान वर करायची नाही, कुणाला हाक मारायची नाही, कुणाचे हात भरून यायचे नाहीत.

मी डोळा लावला.

आधी नुसता काळोख. मग लेल्यांनी सांगितलं तशी लांब दांडीची कळ हळूहळू फिरवली आणि बाजूने तो आत आला. लहान होता. एवढा लहान असेल असं वाटलं नव्हतं. पण कडी होती. गोळ्यापासून सुटी, त्याला कुठंही न शिवता. आणि जराही हलत नव्हती. मी श्वास घेतला तरी हलत नव्हती. बाजूला एक ठिपका होता, तो त्याचा मोठा चंद्र. त्याची जागा मीच गणिताने काढून मंडळाला दिली होती. आणि तो बरोबर तिथंच होता.

मला वाटलं होतं, बघितल्यावर रडू येईल. आलं नाही. उलट राग आला, चांगला कडकडीत राग. एवढीशी गोष्ट होती. एक खुर्ची आणि एक योग्य उंचीची नळी. एवढ्यासाठी मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून शनी ऐकला होता.

किती वेळ गेला कोण जाणे. मागे पावलं वाजली. दहा इंची बघून झालेली मंडळी आता इकडे येऊन उभी राहिली होती. त्यांनाही लहान दुर्बिणीतून बघायचं होतं.

"ताई, झालं का?" कुणीतरी विचारलं.

"झालं," मी म्हटलं, "पण तुमचा नंबर नाही. काकू, या."

"अगं बाई, मी कसली!" काकू म्हणाल्या. पण पदर खोचून उठायला लागल्या होत्या. डॉक्टरांनी एक हात दिला. दुसरा हात द्यायला कोण गेलं ते अंधारात मला आधी कळलं नाही. जवळ आल्यावर कळलं, सर होते. त्यांनी काकूंना माझ्या खुर्चीत बसवलं आणि बाजूला झाले.

मी शेजारी कुबड्या रोवून उभी राहिले. "काकू, डावा डोळा मिटा. आत जिथं उजेड दिसेल तिथं बघा. घाई करू नका."

काकूंनी वाकून डोळा लावला. काही बोलल्या नाहीत. मला वाटलं त्यांना दिसत नाहीये. मग बघितलं तर त्यांचा हात हळूहळू वर येऊन तोंडावर गेला होता.

पृथ्वी फिरते, तसा दुर्बिणीतला ग्रह सरकत सरकत कडेला जातो आणि निसटतो. तो निसटू नये म्हणून मी कळीची दांडी धरली आणि अगदी बारीक बारीक फिरवत राहिले. पट्ट्यांमुळे मांड्या भरून आल्या होत्या, पण दांडी सोडली नाही.

रांगेत चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी खाकरलं. शेवटी सरच पुढे आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "अगं, बघितलंस ना? आता ऊठ. लोक थांबलेत."

काकूंनी डोळा काढला नाही.

"थांबू द्यात की," त्या म्हणाल्या.

आणि मी कळ आणखी जराशी फिरवली.